मदत हवी आहे: टॅवोरचे दोन फोटो, दोन वेगळ्या रायफली. चित्रात नेमकी कुठली काढू?

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी कथाचित्रं करतेय. कथा काल्पनिक, नायक मार्कोसमधला, म्हणजे नौदलाचा कमांडो, आणि लेखकाने त्याच्या हातात 'टॅवोर' ही इस्रायली रायफल दिली आहे. संपादकांनी संदर्भासाठी दोन फोटो पाठवले. दोन्हींखाली नाव तेवढंच, 'टॅवोर'. पण रायफली सरळसरळ वेगळ्या दिसतात. अशा चुका पकडणारे वाचक कमी नसतात, म्हणून आधीच विचारून घेते.

थोडं वाचलंय. टॅवोर ही बुलपप रायफल. बुलपप म्हणजे चाप पुढे आणि मॅगझीन (गोळ्यांची पेटी), बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग) वगैरे त्याच्या मागे, दस्त्याच्याच पोटात. त्यामुळे नळी न कापता रायफल आखूड होते. टीएआर-२१ची, म्हणजे मूळ टॅवोरची, नळी ४६० मिमी, एकूण लांबी साधारण ७२० मिमी. आपल्या इन्सासची नळी जवळजवळ तेवढीच, ४६४ मिमी, पण रायफल ९६० मिमी. म्हणजे चांगला वीतभर फरक. होडीतून आणि हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्यांना ती का आवडत असेल ते कळलं.

आता अडलंय ते असं. फोटो 'अ'मध्ये बोल्ट ओढायचं हँडल डाव्या अंगाला, पार पुढे, नळीच्या बाजूला आहे. फोटो 'ब'मध्ये ते मागे सरकून मुठीच्या वर आलंय आणि पुढच्या भागावर खाचांच्या पट्ट्या आहेत. यातली कुठली काढू?

दुसरं, नायक डावखुरा आहे. लेखक त्यावर अडून बसलेत, कथेचा पेच तिथेच आहे म्हणे. रायफल डाव्या खांद्याला लावली की गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या तोंडावर उडणार नाहीत का?

तिसरं, मॅगझीन बदलताना हात नेमका कुठे जातो? अर्ध्या पानाचं चित्र त्याच क्षणाचं आहे. कृपया जाणकारांनी प्रकाश टाकावा.

– शाईची दौत

---

खादाडखाऊ: माझी पोच दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापर्यंत. वाचनखूण साठवली आहे.

---

तोफखाना: ताई, 'अ' म्हणजे मूळ टीएआर-२१ आणि 'ब' म्हणजे एक्स-९५, जिला आधी मायक्रो टॅवोर म्हणायचे. मार्कोस असेल तर डोळे झाकून 'अ' काढा. भारताने २००२च्या अखेरीस ३,०७० टॅवोरचा सुमारे ८८ कोटींचा करार केला, तो याच पिढीचा. एक्स-९५ तुम्हाला सीआरपीएफच्या कोब्रा जवानांकडे दिसेल. तिची नळी ३३० मिमी आणि एकूण लांबी ५८० मिमी, त्यामुळे हातात ती एकदम बुटकी दिसते.

मधलीही एक आहे, सीटीएआर-२१: नळी ३८० मिमी, लांबी ६४० मिमी. जीटीएआरवर खाली ४० मिमीचा ग्रेनेड लाँचर बसतो. स्टार-२१ला पुढे दोन पाय आणि वर मोठी दुर्बीण. ७.६२ मिमी गोळीची टॅवोर ७ आली २०१७मध्ये, तिचा तुमच्या कथेशी संबंध नाही.

चित्रात मुठीकडे नीट लक्ष द्या. टीएआर-२१मध्ये चापाभोवतीचं कडं फक्त बोटापुरतं नसतं, तलवारीच्या मुठीसारखं सगळ्या पंजाला वेढतं. हे चुकलं की रायफल भलतीच वाटते. वर बहुतेक वेळा मेप्रो २१ ही नेम धरायची साइट दिसते, चौकोनी काचेची. तिला बॅटरी लागत नाही, दिवसा बाहेरचा उजेड आणि रात्री ट्रिशियम (अंधारात आपोआप उजळणारा पदार्थ), त्यावर ठिपका दिसतो.

डावखुऱ्याचं म्हणाल तर लेखकाचा हट्ट चालून जाईल. टॅवोरला पुंगळी बाहेर पडायची खिडकी दोन्ही अंगांना असते, एक झाकलेली. डावखुऱ्यासाठी डाव्या हाताचा बोल्ट घालतात आणि झाकण उजवीकडे लावतात. मात्र हे काम रायफल उघडून, आधीच करायचं. गोळीबार चालू असताना भिंतीच्या आडून खांदा बदलला, तर पुंगळी तोंडाशीच येणार. ब्रिटिशांच्या एल-८५ बुलपपमध्ये तीही सोय नाही, तिथे डावखुऱ्यालाही उजव्याच खांद्यावरून शिकावं लागतं.

---

बोरूबहाद्दर: अवांतर: बुलपपचा जमाना चालला ना पण? फ्रान्सने फामास ही बुलपप सोडून सरळ घाटाची एचके-४१६ घेतली, चीनने क्यूबीझेड-९५ या बुलपपच्या जागी सरळ घाटाची १९१ आणली. लांबी वाचते हे ठीक, पण चाप पुढे आणि घोडा (गोळी पेटवणारा हातोडा) मागे. मधे लांब दांडी, त्यामुळे चाप जड आणि गुळगुळीत नाही. हे दुखणं जवळपास सगळ्याच बुलपपना आहे.

---

तोफखाना: चापाबद्दल शंभर टक्के सहमत. पण फ्रान्सने फामास सोडली ती आराखड्यापेक्षा म्हातारपणामुळे. तिचा कारखानाच बंद झाला होता.

ताई, तुमचा तिसरा प्रश्न राहिला. रिकामं मॅगझीन सोडायची कळ मुठीच्या मागे, मॅगझीनच्या लगेच पुढे असते. मॅगझीन पकडलेल्या हाताच्याच अंगठ्याने ती दाबता येते. हात जवळजवळ काखेशी जातो, कोपर अंगाला चिकटतं. शेवटची गोळी सुटली की बोल्ट मागेच अडकतो. नवं मॅगझीन आत गेलं की तोच अंगठा मागे सरकून बोल्ट सोडतो, हँडलला हात लावावा लागत नाही. सराव असलेला माणूस मॅगझीनकडे बघत नाही, नजर समोर ठेवा. सिनेमातल्यासारखं मान खाली घालून काढलंत तर आम्ही पत्र पाठवू.

---

शाईची दौत: शतशः आभार! कोपराचं कळल्यावर रेखाटन पुन्हा केलं, आता ते खरं वाटतंय. एक शेवटचं. नायक डावखुरा, आणि माझ्याकडचा 'अ' फोटो उजव्या माणसाचा. तो आरशासारखा उलटा करून त्यावरून काढला तर चालेल?

---

तोफखाना: बऱ्यापैकी चालेल. डावखुऱ्यासाठी बदललेल्या रायफलीत खिडकी डावीकडे उघडी असते आणि हँडलही काढून उजव्या अंगाला बसवता येतं, म्हणजे उलट्या फोटोत जसं दिसेल तसंच. मॅगझीन आणि बोल्ट सोडायची कळ मधोमध, त्यांना फरक पडत नाही. अंगावर कोरलेली अक्षरं आणि आकडे तेवढे उलटे होतील, ते पुसून टाका. आणि गणवेशावरचा तिरंगा व नावाची पट्टी कुठल्या बाजूला आली तेही तपासा, रायफलीपेक्षा तिथेच जास्त लोक पकडतील.