‘भेदभाव’ की ‘पंक्तिप्रपंच’? नोकरीतील समान वागणुकीसाठी शब्द

विचारणा

गोव्यातील वेर्णा येथील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या कर्मचारी-नियमावलीचे मराठी भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. त्यातील एका कलमाला मी ‘समान वागणूक आणि भेदभावास मनाई’ असा मथळा दिला. तेथील एका ज्येष्ठ पर्यवेक्षकांनी त्यावर हरकत घेतली. ‘भेदभाव’ म्हटले की कोणीतरी मनात आकस ठेवून, मुद्दाम काही केले असा आरोप ऐकू येतो, असे त्यांचे म्हणणे असून त्याऐवजी त्यांनी ‘पक्षपात’ हा शब्द सुचवला आहे. दुसऱ्या एका गृहस्थांना ‘दुजाभाव’ अधिक सौम्य वाटतो. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

मथळा आपण केला आहे तसाच ठेवावा. राज्यघटनेच्या मराठी पाठात अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून ‘भेदभाव करण्यास मनाई’ आहे आणि अनुच्छेद १६ मध्ये सार्वजनिक नोकरीसंबंधी ‘समान संधी’ आहे, तेव्हा कायद्यात रुळलेला शब्द बदलण्याचे कारण दिसत नाही. ‘पक्षपात’ या शब्दाचे लक्ष ज्याला झुकते माप मिळाले त्याच्याकडे असते, ज्याचे गेले त्याच्याकडे नसते. पात्रांवाने (म्हणजे मालकाने) आपल्या पुतण्याला कामाला चिकटवले तर तो पक्षपात खरा, पण या कलमांतील भेदभावाला जात, धर्म, लिंग असे एखादे कारण जोडलेले असावे लागते. ‘दुजाभाव’ घरातल्या सुनेच्या तक्रारीत शोभतो, नियमावलीत नाही.

पर्यवेक्षकांची हरकत मात्र मला क्षुल्लक वाटत नाही. ‘भेदभाव’, ‘दुजाभाव’, ‘आपपरभाव’, ‘सापत्नभाव’ या सगळ्या शब्दांच्या शेवटी ‘भाव’ बसलेला आहे, आणि भाव म्हटला की तो मनातला. त्यामुळे ‘आमच्या मनात तसे काही नव्हते’ एवढे सांगितले की आरोप फिटला, असे मराठी माणसाला सहज वाटते. कायदा मात्र मनापाशी थांबत नाही. लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या कायम नियुक्तीसंबंधी नितीशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ‘अप्रत्यक्ष भेदभाव’ मान्य केला. निकष वरकरणी सर्वांना एकच होते, परंतु पुरुषांची शारीरिक पात्रता ज्या तरुण वयात तपासली जात असे त्याच वयाचे माप या अधिकाऱ्यांना अनेक वर्षांच्या सेवेनंतर लावले गेले. असा भेदभाव ठरण्यासाठी हेतू सिद्ध करावा लागत नाही, परिणाम पाहावा लागतो, असे न्यायालयाने म्हटले.

या अर्थाच्या अधिक जवळचा शब्द आपल्याकडे जेवणावळीत आहे, तो म्हणजे ‘पंक्तिप्रपंच’. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढण्यात केलेला फरक, हा त्याचा अर्थ. फोंड्याकडच्या एका देवळात महाप्रसादाला मी बसलो होतो. खतखत्याची भाजी झाली, मणगण्याची खीर आली. वाढपी आमच्या पानांवर वरवरची पळी ओतीत पुढे सरकला, आणि चार पाने पलीकडे बसलेल्या बड्या मंडळींपाशी पोचताच त्याने पळी भांड्याच्या तळाशी नेऊन काजू वर काढले. त्याच्या मनात काय होते ते त्याला ठाऊक. पानावर काय पडले ते सगळी पंगत पाहत होती. (काजूंवर माझा डोळा होता, हे नाकारीत नाही.) या शब्दात ‘भाव’ नाही, वाढणे आहे, म्हणून हा दोष डोळ्यांनी दाखवता येतो.

पुढचा प्रतिसाद

उपमा आवडली, परंतु ती जिथे अपुरी पडते तेही नोंदवावेसे वाटते. पंक्तिप्रपंच पंगतीत बसलेल्यांपुरता असतो. पंगतीत कोणाला बसू द्यायचे नाही, किंवा कोणाची पंगत वेगळी मांडायची, त्याला आपल्याकडे ‘पंक्तिभेद’ म्हणतात. १९७६च्या समान वेतन कायद्यानेही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या : कलम ४ समान किंवा समान स्वरूपाच्या कामाच्या मोबदल्याचे, तर कलम ५ स्त्रियांना भरतीत डावलण्याविरुद्धचे. वाढपावरची तक्रार टाळण्याचा जुना उपाय म्हणजे दुसरी पंगत मांडणे. १९८१च्या एअर इंडिया खटल्यात हवाई सुंदरी आणि पुरुष कर्मचारी हे वेगवेगळे वर्ग आहेत, हे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरले आणि स्त्रियांसाठीचे निवृत्तीचे वेगळे वय टिकले. पहिल्या गरोदरपणी नोकरी संपवणारा नियम मात्र रद्द झाला. पुढे १९८७ मध्ये मॅकिनन मॅकेन्झीच्या खटल्यात, साहेबांच्या खास विश्वासातल्या स्त्री लघुलेखिका हा निराळाच वर्ग आहे, असा बचाव कंपनीने केला. तो न्यायालयाने मानला नाही, कारण काम पुरुष लघुलेखकांसारखेच होते. पंगतीचे नाव बदलून भागत नाही, पानाशी बसून काय काम चालते ते पाहावे लागते.

‘समान’ या शब्दाबद्दलही एक सावधगिरी हवी. समान म्हणजे सरसकट एकसारखे नव्हे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात भेदभावाच्या व्याख्येतच वाजवी सोय नाकारणे अंतर्भूत आहे. म्हणजे ज्याला मांडी घालता येत नाही त्याला पाटाऐवजी खुर्ची न देणे हाही भेदच.

मूळ विचारणाऱ्याकडून

आभारी आहे. मथळ्यात ‘भेदभावास मनाई’ कायम ठेवतो आणि कलमाच्या आरंभी हे वाक्य घालतो : ‘हेतू कोणताही असो, ज्या नियमामुळे किंवा वागणुकीमुळे एखाद्या कर्मचाऱ्याचे धर्म, जात, लिंग, जन्मस्थान किंवा दिव्यांगत्व यांमुळे नुकसान होते, ती या कलमाच्या अर्थाने भेदभाव समजली जाईल.’ ‘ती’ हे सर्वनाम नियमालाही लागते का, याविषयी मात्र अजून शंका आहे. ‘असा नियम किंवा अशी वागणूक’ असे पुन्हा लिहिणेच बरे दिसते. पर्यवेक्षकांना पंगतीचे उदाहरण सांगितले. ते म्हणाले, आमच्या कँटीनमध्ये कायम कामगारांची आणि कंत्राटी कामगारांची रांग वेगळी आहे, तिला काय म्हणायचे?