आठवीपासून इंजिनीअरिंग: कोकणातल्या शाळांत हवं की नको?

खाडीकाठ, दापोली
आमच्याकडे मूल आठवीत गेलं की आईवडील जेईईच्या 'फाउंडेशन' वर्गाची चौकशी करायला लागतात. इंजिनीअरिंगची तयारी म्हणजे चार पर्यायांतला एक निवडणं, एवढीच समजूत झाली आहे. घरातला पंप नुसता घुमतोय पण फिरत नाही, तर आधी कपॅसिटर बघावा, हे त्या वर्गात कुणी सांगत नाही. माझं म्हणणं असं की इंजिनीअरिंग शाळेतच सुरू व्हावं, पण हाताने. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम ही काम करत शिकवणारी संस्था सुरू केली, तिथून आलेला अभ्यासक्रम एसएससी बोर्डाने केव्हाच मान्य केला आहे. आठवी ते दहावी, आठवड्यातून एक दिवस काम: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. आपल्या प्रत्येक हायस्कुलात हे का नसावं?

सागरवाट, रत्नागिरी
माझा विरोध आहे. चौदा वर्षांच्या पोराच्या हातात पाना दिला की घरचे, शिक्षक, सगळे त्याला त्याच नजरेने बघायला लागतात. खलाशाचा मुलगा वर्कशॉपला, डॉक्टरचा मुलगा कोट्याला, ही वाटणी आपोआप होते. कोकण विभाग दहावीच्या निकालात सातत्याने राज्यात पहिला येतो. त्या गुणांवर आमची पोरं बाहेर पडतात, शिकतात. आठवड्याचा एक दिवस काढून घेतलात तर गणित-विज्ञानाचं काय? पदवीला जायचं तर पुढे बारावी आणि सीईटी आहेच.

पहिलं वर्ष, लोणेरे
मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतो. नव्वद टक्क्यांची मुलं ड्रॉइंगच्या तासाला अडतात. समोर लाकडी ठोकळा ठेवला तरी त्याचा वरून दिसणारा आकार कागदावर उतरत नाही, कारण काही कापलेलं, जोडलेलं, बिघडवलेलं नसतं. सागरवाट, वाटणीची तुमची भीती खरी आहे. पण ती कामामुळे होत नाही, काम फक्त काही मुलांनाच दिल्यामुळे होते. डॉक्टरच्या मुलानेही वेल्डिंग करावं.

रापण, मालवण
ह्यां सगळां बरां हा, पण शिकवतलो कोण?

जुनी शिक्षिका, गुहागर
रापण, मुद्द्याचं बोललात. आमच्या भागात पटसंख्या इतकी कमी की एकच शिक्षक विज्ञान, गणित आणि शालेय पोषण आहाराचा हिशेब बघतो. २०१६ पासून शाळांत केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे वस्तू बनवून बघायच्या प्रयोगशाळा, आल्या, वीस लाखांपर्यंत अनुदान. एका शाळेत मी स्वतः पाहिलं, थ्री-डी प्रिंटर कापडाखाली झाकलेला. आपल्या दमट हवेत त्याची प्लॅस्टिकची तार ओल धरते आणि छपाई बिघडते, हे सांगायलाही तिथे कुणी नव्हतं. वस्तू येतात, माणूस येत नाही. पोराचा हात ग्राइंडरमध्ये गेला तर जबाबदार कोण, हेही आधी लिहून द्या.

खाडीकाठ, दापोली
माणूस गावातच आहे, मॅडम. पाबळच्या पद्धतीत गावातले कारागीरच निदेशक होतात. गॅरेजवाला, सुतार, वायरमन. सुरक्षेचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर: गॉगल आणि विमा नसेल तर ग्राइंडर चालूच करू नये.

एक उदाहरण देतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या दापोली-मंडणगडात किती छपरं उडाली ते सगळ्यांना आठवतं. वारा पत्रा वरून दाबत नाही, त्याला वर ओढतो, आणि ही ओढ पावळीला, म्हणजे छपराच्या खालच्या कडेला, आणि आढ्याजवळ सगळ्यात जास्त असते. म्हणून तिथे हुक जवळजवळ हवेत. हुकाचं भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगटात नाही, नाहीतर पाणी आत येतं. गावातल्या जाणत्या मिस्त्रीला भोक कुठे पाडायचं हे हाताने ठाऊक असतं; ओढ का लागते हे विज्ञानाचा शिक्षक दाबाच्या धड्यात सांगू शकतो. दोघं एका तासाला शाळेच्या छपराखाली उभे राहिले तर गणित-विज्ञानाचा वेळ बुडाला असं कसं म्हणायचं?

सागरवाट, रत्नागिरी
छपराचं पटलं. तरी माझा मूळ मुद्दा तसाच आहे. दहावीनंतर डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यातून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हा रस्ता आधीच मोकळा आहे. ज्याला आवड असेल तो सोळाव्या वर्षी जाईल. आठवीत सक्ती नको.

पहिलं वर्ष, लोणेरे
आवड आहे की नाही हे हात लावल्याशिवाय कळणार कसं? आज सोळाव्या वर्षी मुलं शाखा निवडतात ती मार्कांवर आणि शेजारच्यांच्या सांगण्यावर.

बंदरावरची, हर्णै
आमच्या बोटीच्या पंख्याजवळ जस्ताची वडी लावतात. खाऱ्या पाण्यात ती झिजते आणि पंखा, शाफ्ट वाचतात. मी दहावीत धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी, म्हणजे कोणता धातू आधी अभिक्रिया करतो त्याचा क्रम, पाठ केली, पूर्ण गुण मिळवले, आणि वडीचा त्या श्रेणीशी संबंध आहे हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. घरी भाऊ वडी बदलायचा, मला बोटीवर चढू द्यायचे नाहीत. म्हणून मला एवढंच विचारायचं आहे: हा विषय आला तर मुलींना शिवण-पाककला आणि मुलांना वेल्डिंग असं होणार का? तसं असेल तर मी सागरवाटच्या बाजूने.

खाडीकाठ, दापोली
नाही. त्या अभ्यासक्रमात चारही विभाग मुलामुलींनी सगळ्यांनीच करायचे असतात. शाळेत मागणी कराल तेव्हा हे वाक्य अर्जात पहिलं लिहा. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीसाठी मी मसुदा करतोय, तुमचा वडीचा मुद्दा त्यात घालू का?

बंदरावरची, हर्णै
घाला. आणि निदेशकांत एक तरी बाई असावी, हेही.