पहिली घरगुती बिअर, बाटल्या आणि झाकणे : आपापले अनुभव लिहा

तळघरवासी, मिनियापोलिस

गेल्या शनिवारी तळघर आवरताना एका खोक्यात बाटलीवर लोखंडी झाकण दाबून बसवायचे, दोन लाल दांड्यांचे हत्यार सापडले आणि मुलीने ते हातात घेऊन, "बाबा, याने अक्रोड फोडतात का?" असे विचारले. तिला उत्तर देता देता मी २०११ सालच्या एप्रिलमध्ये जाऊन पोहोचलो. इथल्या अनेकांच्या गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत असे एखादे प्रकरण नक्की पुरलेले असेल, असे वाटले, म्हणून हा धागा काढतो आहे. मुरलेल्या लोकांनी पाककृती देऊ नयेत. पहिल्या दोन-तीन खेपांत काय झाले तेवढेच लिहावे.

माझी पहिली खेप ५ गॅलनची, म्हणजे १९ लिटरची होती. काकवीसारख्या दिसणाऱ्या मॉल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या सातूच्या) अर्काचे दीड-दीड किलोचे दोन डबे, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांच्या गोळ्यांची पाकिटे आणि कोरड्या यीस्टची एक पुडी असा तयार संच आणला होता. अर्क पाण्यात विरघळवायचा, उकळी आली की हॉप्स टाकायचे आणि तासभर कढवायचे, एवढेच तर काम, असे म्हणून मी पातेल्याकडे पाठ फिरवली. दूध उतू जाण्याआधी थोडी तरी चाहूल देते. हे पातेले एका दमात उतू गेले, आणि शेगडीच्या तापलेल्या वेटोळ्यावर मॉल्टची जी चिक्की झाली ती सुरीने खरवडण्यात बिअर करण्यापेक्षा जास्त वेळ गेला. मग ते गार करण्यासाठी पातेले बाल्कनीतल्या बर्फात रोवले. पातेल्याच्या कडेचा बर्फ वितळून मागे सरकतो, मध्ये पोकळी राहते आणि उरलेला बर्फ गोधडीचे काम करतो, हे तासाभराने लक्षात आले. शेवटी न्हाणीघरातल्या टबात बर्फाचे पाणी भरून त्यात ते ठेवले, तेव्हा कुठे यीस्ट टाकण्याजोगे २० अंशांवर आले.

खरी चूक मात्र बाटल्या भरताना झाली. पंधरा दिवसांनी आई-बाबा भारतातून येणार होते आणि त्याआधी बादली, नळ्या आणि घरभर पसरलेला तो आंबूस वास नाहीसा करायचा होता. साखर किती आंबायची राहिली ते कळावे म्हणून घनता मोजायची काचेची नळी पहिल्याच दिवशी ओट्यावरून घरंगळून फुटली होती, त्यामुळे आठव्या दिवशी बादलीच्या झाकणावरचे बुडबुडे थांबले एवढ्यावरच मी आंबण्याची क्रिया संपली असे ठरवून टाकले. प्रत्यक्षात ती खोली १४-१५ अंशांवर होती आणि यीस्ट नुसते थंडीने झोपले होते. बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून संचात लिहिल्याप्रमाणे १२० ग्रॅम मक्याची साखर दोन कप पाण्यात उकळून मिसळली, ५० बाटल्या भरल्या, झाकणे ठोकली आणि सगळ्या पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात, हीटरच्या शेजारी, ओळीने मांडल्या.

आई-बाबा आल्यावर तिसऱ्या रात्री पहिली बाटली फुटली आणि पाठोपाठ आणखी दोन. अमेरिकेतल्या गोळीबाराच्या बातम्या वाचून आलेले बाबा आईला हाताला धरून पलंगाखाली शिरले. सकाळी कपाटाच्या दाराखालून आलेला फेस बोटाने चाचपून, वास घेऊन आई एवढेच म्हणाली, "आंबायला घातलेल्या भांड्याचं झाकण असं घट्ट लावतं का रे कोणी?" त्याच कपाटात तिच्या दोन रेशमी साड्या होत्या, त्याविषयी ती आजही बोलत नाही.

निवांत, टेक्सास

बाबा पलंगाखाली, हे वाचून मी कार्यालयात मोठ्याने हसलो आणि आता सहकाऱ्यांना काय सांगावे ते सुचत नाही. साड्यांचे पुढे काय झाले?

तळघरवासी, मिनियापोलिस

एकीचा डाग निघाला. दुसरीच्या उशांच्या खोळी झाल्या, आणि त्या मुद्दाम आमच्या पलंगावर असतात.

खारा वारा, मेलबर्न

इकडे सुरुवात बहुतेकांची कूपर्स या कंपनीच्या तयार डब्याने होते. डब्यातला अर्क गरम पाण्यात विरघळवायचा, साखर घालायची, २३ लिटरपर्यंत पाणी भरायचे आणि डब्याच्या झाकणाखालची यीस्टची पुडी वर भुरभुरवायची. उकळण्याची भानगडच नाही. मी हे जानेवारीत केले, आणि मेलबर्नचा जानेवारी म्हणजे काय ते इथल्यांना माहीत आहे. गॅरेजमध्ये ३६ अंश होते. तीन दिवसांत सगळे आंबून मोकळे झाले म्हणून मला फार अभिमान वाटला होता. त्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा वास होता आणि एका ग्लासानंतर कपाळाच्या डाव्या बाजूला जी कळ उठत असे ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिके. साधे एल जातीचे यीस्ट १८ ते २० अंशांत नीट वागते. उष्णता वाढली की ते घाईत नको ती जड अल्कोहोले आणि फळांचे वास तयार करते. पुढच्या खेपेला पिंपाभोवती ओला टॉवेल गुंडाळून समोर पंखा लावला, आपल्याकडे माठाभोवती ओले फडके गुंडाळतात तसा, आणि आश्चर्य म्हणजे तेवढ्याने चांगलेच काम झाले.

बाटल्यांसाठी इथे साखरेच्या तयार गोळ्या मिळतात, ३७५ मिलिलिटरला एक आणि ७५० ला दोन. पहिल्या वेळी मी हे उलट समजलो होतो. पुढचे सांगायला नको.

सूक्ष्मजीव, म्युनिक

२०१५ साली आम्ही इथे नवे असताना जर्मन शेजाऱ्याने सांगितले त्याप्रमाणे तेव्हा स्वतःपुरती वर्षाला २०० लिटर बिअर करमुक्त होती, पण आधी सीमाशुल्क कार्यालयाला कळवावे लागत असे. मी रीतसर पत्र लिहिले आणि रीतसर उत्तरही आले. पिठलं करायलाही इथे अर्ज करावा लागेल की काय, असे सौ. म्हणाली. ज्या बव्हेरियात १५१६ सालच्या फर्मानाने बिअरमध्ये पाणी, सातू आणि हॉप्स यांखेरीज काही घालायचे नाही असे ठरवून दिले, तिथे मी पहिल्याच खेपेत धने आणि संत्र्याची साल घातली, हे मात्र त्या पत्रात लिहिले नव्हते. यीस्टचा उल्लेख त्या फर्मानात नाही, कारण आंबवणारा जीव कोणता हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते.

माझा घोटाळा बाटल्यांच्या रबरी चकत्यांनी केला. तारेच्या कडीची, चिनी मातीच्या बुचाची बाटली इथे सहज मिळते, म्हणून झाकणांचे हत्यार घ्यावे लागले नाही. बाटल्या मी सोड्याच्या गरम पाण्यात घासल्या, जंतुनाशकात बुडवल्या, पण त्या लाल चकत्या बुचावरून काढून धुवाव्यात हे सुचले नाही. आधीच्या कोणाच्या तरी बिअरचा चिकट थर त्यांच्या आतल्या कडेला तसाच होता. तीन आठवड्यांनी काही बाटल्या उत्तम निघाल्या आणि काही उघडताच कारंज्यासारख्या उसळल्या, चवीला ताकासारख्या आंबट. आधी धुवायचे आणि मग निर्जंतुक करायचे. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. घाणीवर जंतुनाशक ओतले तर ते घाणीच्या वरच राहते.

तोलूनमापून, ह्यूस्टन

तळघरवासी, तुमच्या कपाटाचा हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. दर लिटरला साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की बिअरमध्ये तिच्या आकारमानाइतका एक पट वायू विरघळतो. आंबताना मुळातच पाऊण-एक पट वायू उरलेला असतो, त्यात तुमच्या १२० ग्रॅमांनी दीड पटीहून थोडी अधिक भर घातली, म्हणजे अडीच पट. इथपर्यंत सगळे बरोबर होते. परंतु झोपलेल्या यीस्टने १.०१२ घनतेवर (पाण्याची १.०००) थांबण्याऐवजी समजा १.०२२ वरच काम सोडले असेल, तर ते दहा अंक बाटलीत आंबले, आणि प्रत्येक अंकामागे साधारण अर्धा पट वायू धरला तर आणखी पाच पट झाला. साध्या बाटलीने तीन पटींच्या पुढे फार धीर धरावा अशी अपेक्षा नसते. म्हणून बुडबुड्यांवर भरवसा न ठेवता लागोपाठ तीन दिवस घनता तीच दिसली तरच बाटल्या भराव्यात. तोच आकडा मादकताही सांगतो, सुरुवातीच्या १.०५० वरून १.०१२ म्हणजे ०.०३८ गुणिले १३१.२५, सुमारे ५ टक्के.

मी हे सगळे जाणून होतो आणि तरी माझ्या पहिल्या खेपेत साखर घालायचीच विसरलो. ४८ बाटल्या निपचित, सातूच्या काढ्यासारख्या. प्रत्येक झाकण पुन्हा उघडून चिमटीने साखर घालत बसलो होतो.

ओवी, न्यू जर्सी

हे छंद "पुरुष मंडळींचे" आहेत असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी लिहिते की आमच्या घरी बिअर मी करते आणि नवरा बाटल्यांची लेबले काढतो. कपडे धुण्याच्या ऑक्सिजनवाल्या पावडरीच्या पाण्यात बाटल्या रात्रभर बुडवल्या की बरीचशी लेबले सकाळी पाण्यावर तरंगत असतात.

आमची पहिली चूक अशी की मित्रमंडळींकडून गोळा केलेल्या बाटल्यांत निम्म्या फिरकीच्या झाकणाच्या होत्या. त्यांच्या तोंडाला आटे असतात, साधे झाकण त्यांवर दाबून बसते खरे, पण घट्ट धरत नाही. वायू हळूहळू निघून गेला. दुसरी चूक मी एकटीची होती. उरलेल्या बाटल्या पारदर्शक काचेच्या होत्या, आणि माझ्या बिअरचा सोनेरी रंग इतका सुरेख दिसत होता की फोटो काढायला मी त्या अंगणातल्या टेबलावर दुपारभर मांडून ठेवल्या. ऊन लागले की हॉप्समधला कडू अंश तुटून एक गंधकयुक्त पदार्थ होतो, आणि त्याचा वास इथल्या स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा असतो. फोटो मात्र छान आले आहेत. तपकिरी बाटली त्यासाठीच असते.

सह्याद्री, पुणे

या धाग्यावर एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो, कारण वाचून कोणी उद्याच पिंप आणेल. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणे गुन्हा आहे. अमेरिकेतल्या मंडळींना १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने जी मोकळीक मिळाली, तशी आपल्याकडे नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलॅली ही स्वतःची बिअर बनवणारी जागा सुरू झाल्यापासून ताजी बिअर प्यायची सोय झाली आहे. तीवर समाधान मानावे.

मी स्वतः आल्याचे सरबत आंबवून बाटल्यांत भरण्याचा उद्योग केला. किसलेले आले आणि साखर पाण्यात रोज थोडी थोडी घालत गेले की आठवडाभरात त्याला फेस येतो. तेच विरजण लिंबू-साखरेच्या पाण्यात मिसळायचे, बाटल्या भरायच्या, आणि एक-दोन दिवसांत त्या थंडाव्यात टाकून लगेच संपवायच्या, कारण उबेत साखर संपेपर्यंत आंबणे थांबत नाही. मे महिन्यात मी दोन दिवसांसाठी कोकणात गेलो आणि पाच दिवसांनी परतलो. स्वयंपाकघराच्या छताला चिकटलेला आल्याचा कीस रंगाऱ्याने आधी ओल समजून तपासला.

शेवाळ, लीड्स

मी बाटल्या ब्लीचने निर्जंतुक केल्या आणि एकदाच विसळल्या. ४० पाइंट बिअरला जखमेवर लावायच्या पट्टीचा वास आला. क्लोरीन आणि मॉल्टमधले घटक मिळून तो होतो आणि तो काही केल्या जात नाही. तीन महिने ठेवूनही पाहिले. आता न विसळता चालणारे आम्लाचे जंतुनाशक वापरतो. त्याचा फेस बाटलीत राहिला तरी काही बिघडत नाही, हे पटायला मला दोन खेपा लागल्या.

निवांत, टेक्सास

एवढे सगळे वाचून धीर खचला आहे, पण संच कालच घरी येऊन पडला आहे. बाटल्यांत दाब किती झाला आहे हे न फोडता कसे कळणार?

ओवी, न्यू जर्सी

एक बाटली सोड्याच्या पेयाची प्लॅस्टिकची भरा. भरताना हाताने दाबून हवा काढून टाका आणि झाकण फिरवा. ती फुगून दगडासारखी कडक झाली की बाकीच्याही तयार झाल्या. कडक होऊनही पुढे फुगत राहिली तर सगळ्या खोक्यांसकट शीतकपाटात हलवा आणि तळघरवासींच्या आईंची आठवण काढा.

सूक्ष्मजीव, म्युनिक

आणि पहिल्या आठवड्यात उघडून चव घेऊ नका. कच्च्या बिअरला हिरव्या सफरचंदाची चव असते, ती दोन-तीन आठवड्यांत बहुतेक वेळा निवळते. ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या, तळाचा साका ग्लासात आला तर पोटात फार गडगडते.

खारा वारा, मेलबर्न

तळघरवासी, उरलेल्या बाटल्यांचे काय केलेत, ते राहिलेच.

तळघरवासी, मिनियापोलिस

एकूण ११ फुटल्या. उरलेल्या ३९ मी हिवाळी कोट, स्कीचा चष्मा आणि ओव्हनचे हातमोजे घालून, एकेक बाटली जाड टॉवेलात गुंडाळून बाहेर बर्फाच्या ढिगात नेऊन ठेवल्या. पुरत्या गार झाल्यावर बाबांनी छत्री ढालीसारखी धरली आणि मी टॉवेलाआडून झाकणे सैल केली. बाबा आयुष्यभर सुपारीच्या खांडालाही शिवलेले नाहीत, पण तेहतिसाव्या बाटलीला त्यांनी छत्री बाजूला केली आणि, "आता वास बरा येतोय, एक घोट बघू दे," म्हणाले. घोट घेऊन तोंड वाकडे केले आणि उरलेल्या बाटल्या स्वतः उघडल्या.

घोटभर, सेंट पॉल

मी नदीच्या पलीकडेच राहतो. ते लाल दांड्यांचे हत्यार तुम्ही आता वापरणार नसाल तर रविवारी येऊन घेऊन जाईन म्हणतो.

तळघरवासी, मिनियापोलिस

मुलीने त्याने अक्रोड फोडून पाहिले, त्यामुळे एक दांडा किंचित वाकला आहे. तो चालत असेल तर या. घनता मोजायच्या दोन नव्या नळ्या मात्र मी आजच मागवल्या आहेत, त्या मागू नका.