मदत हवी आहे: मेंदूच्या गाठीसाठी नॅनोकणांतून केमो

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या माझ्या मामांना ग्लिओब्लास्टोमा (मेंदूचा एक कॅन्सर) आहे. ऑपरेशन, रेडिएशन झालं, आता टेमोझोलोमाइड ही केमोची कॅप्सूल चालू आहे. रात्री उपाशीपोटी आधी उलटीची गोळी, मग कॅप्सूल. मामी गजर लावूनच बसते.

मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की केमोची बरीचशी औषधं रक्तातून आत शिरतच नाहीत. म्हणून औषध नॅनोकणांत (अतिसूक्ष्म कणांत) भरून गाठीपर्यंत पोचवायचे प्रयोग चालू आहेत. (कार्मुस्टिन या केमोच्या औषधाच्या चकत्या ऑपरेशनच्या वेळीच गाठीच्या जागी ठेवतात, त्यांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पण ते नॅनो नव्हे.)

आता नाशिकमध्येच एकांनी ‘नॅनो केमो’ म्हणून मोठा खर्च सांगितलाय. मला ते पटत नाही. चाचणी असेल तर सीटीआरआयचा (भारतातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक हवा, २००९ पासून ती नोंदणी बंधनकारक आहे. क्रमांक विचारला, तर उत्तरच नाही.

परळच्या टाटात किंवा खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटाचंच कॅन्सर केंद्र) ग्लिओब्लास्टोमासाठी अशी चाचणी चालू आहे का? पेशंटला न नेता फक्त गाठीच्या तुकड्याच्या स्लाइड, ब्लॉक आणि एमआरआयची सीडी दाखवून मत मिळतं का? नाशिकहून कुणी असं जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. मामांची केमोची पुढची सायकल (फेरी) जवळ आली आहे.