‘व्हॉट ऑन अर्थ’मधले ‘ऑन अर्थ’ कशासाठी?

प्रश्न: ‘व्हॉट ऑन अर्थ आर यू डूइंग?’ या वाक्यात पृथ्वीचा काहीही संबंध नसताना ‘ऑन अर्थ’ का येते, आणि वरिष्ठांशी बोलताना ते चालेल का?

उत्तर: येथे पृथ्वी अभिप्रेत नसून, प्रश्नाला आश्चर्याची किंवा वैतागाची धार देण्यासाठी हे शब्द ‘व्हॉट’, ‘व्हाय’, ‘हाउ’ यांसारख्या प्रश्नार्थक शब्दाला लागूनच, म्हणजे सहायक क्रियापदाच्या आधी येतात, ‘तू करतोयस तरी काय?’ यातला ‘तरी’ हेच काम करतो.

दुसरे उत्तर: सहमत आहे, मात्र वरिष्ठांना असे थेट विचारल्यास जाब विचारल्यासारखे वाटते, म्हणून कार्यालयीन पत्रव्यवहारात ते कटाक्षाने टाळावे. ‘द हॅपिएस्ट पर्सन ऑन अर्थ’ यात मात्र ‘जगातील’ हा अर्थ शाबूत असतो.