डिप्रेशनची गोळी अन् वाढतं वजन : गावच्या आरोग्य ग्रुपवर

आशाताई: डिप्रेशनची गोयी सुरू झाली का दोन-तीन महिन्यांत काही जणांचं वजन वाढते. मंग घरचे गोयीच बंद करतात. मॅडम, एकदा नीट सांगा न.

सीएचओ (उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम: गोळी मनानं बंद करायची नाही, हे आधी. आजार उलटतो, चक्कर, मळमळ होते, झोप उडते ते वेगळंच. आणि सगळ्याच गोळ्यांनी वजन वाढत नाही.

फार्मासिस्ट भाऊ: मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन, पॅरोक्सेटिननं वाढू शकते. सोबत ओलान्झापिन (भास-भ्रमावरची गोळी) असली तर जास्तच. फ्लुओक्सेटिननं सहसा नाही. अमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडते, म्हणून माणूस दिवसभर चहा पीत राहते. कपाला दोन चमचे साखर, सहा कप. झाली 60 ग्रॅम, म्हणजे 240 कॅलरी नुसत्या चहात. साधं पाणी घोट-घोट प्यावं, बडीशेप चघळावी. खर्रा (सुपारी-तंबाखूचा) अजिबात नको.

सीएचओ मॅडम: गोळी सुरू होते त्याच दिवशी वजन आणि कमर वहीत लिहा, मग दर महिन्याला. काटा फरशीवर ठेवा, सारवलेल्या जमिनीवर आकडा चुकतो. कमर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कुल्ह्याचं हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नाही, श्वास सोडल्यावर. शिलाईचा जुना टेप ताणलेला असतो, तो नको. पुरुष 90, बाई 80 सेंमी किंवा वर असेल तर पोटावरची चरबी धोक्याची. पहिल्या वजनाच्या 5 टक्के वाढ झाली, म्हणजे 60 किलोवर 3 किलो, की डॉक्टरांना दाखवा. गोळी बदलता येते. बीपी आणि उपाशीपोटी शुगर सुरुवातीला, मग तीन महिन्यांनी.

गुरुजी: पण अशा माणसाला रोज पाच किलोमीटर फिर म्हटलं तर तो बाजेवरून उठतच नाही.

सीएचओ मॅडम: म्हणून 10 मिनिटंच सांगा, जेवण झाल्यावर, अन् घरचं कोणीतरी सोबत. चालताना पायाचे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढतात, म्हणून जेवणानंतरची वेळ कामाची. "मन झालं की जाईन" यावर सोडू नका. या आजारात हालचाल आधी होते, मन मागून येतं. दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवा, पुढे आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत. एप्रिल-मे मध्ये मात्र सकाळी 7 च्या आत. शेतात राबणाऱ्याला वेगळं चालणं कशाला? त्याची उठायची अन् जेवायची वेळ बांधा.

फार्मासिस्ट भाऊ: शुगरची ग्लिमेपिराइड चालू असेल तर उपासाच्या दिवशी चालायला नको. घाम, थरथर सुटली तर 3 चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

आहारतज्ज्ञ ताई: जेवणात भात कमी, ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंबाडी किंवा चवळाई, जवसाची चटणी. जवस भाजून थोडंच कुटा, जास्त दिवस ठेवलं तर खवट होते. ऑस्ट्रेलियात 2017 साली 67 जणांचा अभ्यास छापून आला. 12 आठवडे भाज्या, डाळी, मासे, ऑलिव्ह तेल असा आहार घेणाऱ्या गटात 32 टक्के लोकांची उदासी जवळजवळ गेली; नुसती सोबत-गप्पा मिळालेल्या गटात 8 टक्के. वजन मात्र फारसं हललं नव्हतं. म्हणून महिन्यात काटा खाली आला नाही तरी जेवण बदलू देऊ नका.

आशाताई: अन् कोणी मरायच्या गोष्टी करत असलं तं?

सीएचओ मॅडम: मग वजनाचं सगळं बाजूला. एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, 14416 वर (टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणा.