कोशित्सेचा हॉल

"कोशित्सेचा ऑर्केस्ट्रा म्हणजे स्वस्तात सीड्या काढून देणारी पार्टी" हे वर कोणीतरी स्लोव्हाकियातल्या या शहराच्या ऑर्केस्ट्राबद्दल लिहिलंय ते अर्धंच खरंय. मार्को पोलो नावाच्या रेकॉर्ड कंपनीने व्हिएन्नाचा संगीतकार योहान स्ट्राउस (धाकटा) याची जी ५२ सीड्यांची मालिका काढली त्यातलं बरंचसं काम यांनीच केलंय, आल्फ्रेड वॉल्टर कंडक्टर, आणि एरवी कोणी हातही लावला नसता अशा पोल्का (नाचाच्या रचना) त्यात आहेत. सगळ्याच भारी नाहीत, काही ठिकाणी व्हायोलिनं चक्क पाट्या टाकतात, पण केलंय तर त्यांनीच ना!

पण त्या सीड्यांच्या मागे बारीक अक्षरात रेकॉर्डिंगची जागा म्हणून 'हाऊस ऑफ आर्ट्स, कोशित्से' असं असतं, त्याबद्दल इथे कोणीच बोललं नाही. ऑर्केस्ट्रा १९६८ चा, पहिली मैफल १९६९ ची, पण हॉल त्याहून जुना, मुळात १९२० च्या दशकात लायोश कोझ्मा या वास्तुविशारदाने बांधलेलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे ते. १९४४ मध्ये गावातल्या ज्यूंना आउश्विट्झच्या नाझी छळछावणीत नेलं, प्रार्थनेला माणसंच उरली नाहीत, मग पन्नाशीच्या दशकाअखेरीस त्याचा कॉन्सर्ट हॉल केला. घुमटावरचा सहा टोकांचा तारा काढून तिथे लायर हे वाद्य बसवलं आणि तो तारा आता ज्यू स्मशानभूमीत स्मारक म्हणून उभा आहे. हे कळल्यापासून त्या पोल्का जरा वेगळ्याच ऐकू येतात मला.